‘मॅडम, मला या समाजावर करायचंय’: वांशिकतेवरचा आंतरविद्याशाखीय प्रबंध, पायरीपायरीने

“मॅडम, मला पारधी समाजावर करायचंय.”

“काय करायचंय?”

“म्हणजे... त्यांचा अभ्यास.”

हातात स्टेपल केलेली चार पानी प्रश्नावली. प्रश्न चाळीस. पहिला नाव, दुसरा जात, तिसरा मासिक उत्पन्न. हा संवाद माझ्याशी दरवर्षी निदान चार-पाच जण तरी करतात. पारधींच्या जागी कधी कातकरी असतात, कधी बेने इस्रायल (मराठी बोलणारे ज्यू), कधी ‘हिंजवडीतले नॉर्थ-ईस्टचे लोक’. चूक मात्र तीच. वस्ती आधी ठरते, प्रश्नावली मग छापली जाते, आणि आपल्याला नक्की काय विचारायचं होतं हे चौथ्या सत्रात, सबमिशनला तीन आठवडे उरले असताना शोधलं जातं.

खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे. दोन वर्षांची एम.ए. डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय, पीएच.डी.वाल्यांनी वेळा आपापल्या वाढवून घ्याव्यात.

## १. आधी घर ठरवा: नाव कोणत्या विभागात घालायचं

वांशिकतेच्या नावाची पाटी शोधत पुण्यात फिरू नका. हा विषय विभागाविभागांत विखुरलेला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात समाजशास्त्र, मानवशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र हे विभाग वेगवेगळे आहेत, शिवाय क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे. भाषेच्या अंगाने जायचं तर येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान आहे. तुम्हाला एका ठिकाणी घर करायचंय आणि दुसऱ्या ठिकाणी पाहुणा म्हणून जायचंय.

घर निवडताना ‘मला कोणता विषय आवडतो’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा, दिवसभर काय करत बसलं तर मला कंटाळा येणार नाही? लोकांच्या घरी बसून सोयरीक, देवक, कुलदैवत, लग्नातले मानपान ऐकायला आवडत असतील तर मानवशास्त्र. कामधंदा, स्थलांतर, शहरातली वस्ती याकडे ओढा असेल तर समाजशास्त्र. दाखले, याद्या, आरक्षणाचे वाद यात रस असेल तर राज्यशास्त्र. एकच वाक्य चार जणांच्या तोंडून चार प्रकारे ऐकायला मजा येत असेल तर भाषाविज्ञान. जुन्या कागदांच्या वासाने शिंका येत नसतील तर इतिहास.

प्रवेशाच्या तारखा आणि प्रवेश परीक्षेचं स्वरूप दरवर्षी संबंधित विभागाच्या माहितीपत्रकात बघा. गेल्या वर्षीच्या सीनियरचा व्हॉट्सअॅप मेसेज म्हणजे माहितीपत्रक नव्हे.

क्रेडिटचा हिशेब पहिल्याच महिन्यात मांडा. राज्य विद्यापीठांच्या नव्या आराखड्यात दोन वर्षांची एम.ए. ८८ क्रेडिटची आहे. संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ क्रेडिट मिळतात. म्हणजे प्रबंधाचं बीज दुसऱ्या सत्रातच पडलेलं हवं. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावरचे ऑनलाइन कोर्सही जोडता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२१ चे नियम एका सत्रातल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत मुभा देतात. पण आपला विभाग तो कोर्स मान्य करतो का, हे नाव नोंदवण्याआधी लेखी विचारून घ्या. कोर्स पूर्ण करून, परीक्षा देऊन मग क्रेडिट नाकारलेली मुलं मी पाहिली आहेत.

तपासा: दुसऱ्या विभागातला तुम्हाला हवा असलेला पेपर नेमक्या कोणत्या सत्रात आणि कोणत्या वारी असतो? तो तुमच्या सक्तीच्या पेपरच्या तासालाच येत असेल, तर तुमचा अभ्यासक्रम कागदावरच आंतरविद्याशाखीय राहणार.

## २. शब्द निस्तरा

इथे घाई करू नका. अर्धे प्रबंध याच पायरीवर घसरतात.

‘वांशिकता’ हा शब्द पुस्तकातला आहे. पुण्यात कोणी कोणाला ‘तुमची वांशिकता काय’ असं विचारत नाही. विचारतात ते ‘आडनाव काय?’, ‘तुम्ही मूळचे कुठले?’, ‘कुलदैवत कोणतं?’ आणि फारच आडून विचारायचं असेल तर ‘तुमच्यात हे चालतं का?’ त्यातून ‘वंश’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रक्त, रंग, नाकाची ठेवण येते. तुम्हाला ते मोजायचं नाहीये. एखादा गट स्वतःला ‘आपण’ म्हणतो आणि दुसऱ्यांना ‘ते’ म्हणतो, ती रेघ कुठे आणि कशी ओढली जाते, कोण ती राखतं, हे तुम्हाला बघायचंय. नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये हेच मांडलं: गटाच्या आत कोणते रीतिरिवाज आहेत याची यादी करण्यापेक्षा गटाची सीमा कशी टिकते ते पाहा. एवढं एक वाक्य पचलं तरी प्रबंधातली ‘सण-उत्सव’, ‘पेहराव’, ‘आहार’ असली प्रकरणं आपोआप गळून पडतात.

मग एका कोऱ्या कागदावर चार रकाने पाडा: लोक स्वतःला काय म्हणतात, शेजारी त्यांना काय म्हणतात, सरकारी कागद काय म्हणतो, तुमचं शास्त्र काय म्हणतं. चारही रकाने भरा. ते जुळणार नाहीत, आणि जुळत नाहीत हेच तुमचं साहित्य.

सरकारी रकान्यात काय गंमत असते ते पाहा. कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत येतो, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत (हे नाव कुठून आलं ते सहाव्या पायरीत). बंजारा इथे विमुक्त जातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत. माणसं तीच, सोयरीकही सीमेपलीकडे होते, पण यादी बदलते. तेव्हा ‘मी जमातीचा अभ्यास करतोय’ असं म्हणणारा विद्यार्थी नक्की कोणाच्या यादीतली जमात म्हणतोय, हे त्याला सांगता आलं पाहिजे. धर्मांतरानंतरची घरं घ्या. बोलताना ‘आम्ही बौद्ध’, दाखल्यावर आणखी काही, कॉलेजच्या अर्जात ‘अनुसूचित जाती’. तीन नावं तीन प्रसंगांची आहेत. त्यातलं एक खरं आणि बाकीची खोटी, असं नाही.

सावध: आडनावावरून समाज ओळखायचा मोह अस्सल पुणेरी आहे, तो घरी ठेवून या. पवार, जाधव, चव्हाण ही आडनावं मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांतही आहेत. पेणकर, रोहेकर, किहिमकर वाचून कोकणातलं एखादं हिंदू घर डोळ्यांपुढे येतं, पण ही बेने इस्रायलांची आडनावं आहेत. एका विद्यार्थ्याने मतदार यादीवरून आडनावं मोजून ‘समाजनिहाय लोकसंख्या’ काढली होती. दीड महिन्याची मेहनत होती. सगळी फेकावी लागली.

## ३. प्रश्न, एका वाक्यात

विषय आणि प्रश्न यांत फरक आहे. ‘पुण्यातील वडार समाज’ हा विषय झाला. प्रश्न असा असतो: दगडफोडीचं काम सुटल्यानंतर वाढलेली पिढी स्वतःला वडार म्हणवते ते कोणत्या प्रसंगी, आणि कोणत्या प्रसंगी टाळते?

दुसरं उदाहरण. ‘कसबा पेठेतील तांबट’ असं लिहून आणलेल्या मुलीला मी विचारलं, तुला त्यांच्याबद्दल काय कळत नाही? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तांबट आळीत आता भांडी ठोकणारे थोडेच उरलेत, पण आळी सोडून गेलेली माणसंही स्वतःला आळीतलेच म्हणवतात, ते का? झाला प्रश्न. तिला तो आधीपासून पडलेला होता, फक्त तो ‘अभ्यासाचा’ वाटत नव्हता.

प्रश्नाची चाचणी सोपी आहे. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येत असेल तर तो मोडा. उत्तर तुम्हाला आधीच माहीत असेल तर टाका. आणि त्या समाजातल्या माणसाला तो प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवायची लाज वाटत असेल, तर तो प्रश्नच चुकलाय.

## ४. दोन शास्त्रं पुरेत

आंतरविद्याशाखीय म्हणजे सगळ्यातलं थोडंथोडं नव्हे. ती मिसळ झाली. एक शास्त्र मुख्य, ज्यात तुमचा प्रश्न आहे. दुसरं मदतीचं, ज्याचं एक हत्यार तुम्ही उसनं घेता. वरच्या वडारांच्या प्रश्नात समाजशास्त्र मुख्य. भाषाविज्ञानाकडून उसनं घ्यायचं ते एकच: कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतं, याची नोंद करायची रीत. वडारी बोलीचं व्याकरण लिहायला जाऊ नका.

उसन्या हत्यारासाठी त्या विभागातल्या एका शिक्षकांना महिन्यातून एकदा भेटायची परवानगी तुमच्या मार्गदर्शकांमार्फत मागा. स्वतः परस्पर जाऊ नका. विभागांमध्येही मानापमान असतात.

तपासा: दुसरं शास्त्र काढून टाकलं तर प्रबंधातलं नेमकं काय पडतं? काहीच पडत नसेल, तर ते शोभेचं आहे.

## ५. वस्तीच्या आधी कागद

किमान सहा आठवडे. पुण्यात राहून ही पायरी गाळणं म्हणजे नदीकाठी राहून पाणी विकत घेणं.

विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय तुमच्या ओळखपत्रावर उघडतं. तिथे आधी जुने प्रबंध काढा. तुमच्या विषयावर आधी कोणी काय केलंय हे शोधगंगेवरही (पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) सापडतं, पण एम.ए.चे लघुप्रबंध तिथे नसतात, ते विभागाच्या कपाटात धूळ खात असतात. गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहण्यांसाठी बघावंच. खुद्द गाडगिळांच्या संस्थेने केलेली पुणे शहराची पाहणी १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत छापली गेली. आदिवासी समाजावर काम असेल तर क्वीन्स गार्डनजवळची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, तिचं ग्रंथालय आणि संग्रहालय. पेशवे दप्तरात जायचं तर मोडी वाचता यायला हवी. ती महिन्याभरात येत नाही, तेव्हा ‘तिथेही डोकावून येतो’ असं नियोजनात लिहू नका.

आता जनगणना. ही वापरायची तर तिचे खळगे माहीत हवेत.

सगळ्या जातींची तपशीलवार आकडेवारी छापलेली शेवटची जनगणना १९३१ ची. २०११ मध्ये अनुसूचित जाती आणि जमातींची मोजणी आहे. विमुक्त, भटके, इतर मागासवर्गीय यांची जनगणनेत वेगळी नोंद नाही. जातवार मोजणी पुढच्या जनगणनेत होणार आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ते आकडे हाती येईपर्यंत तुमची पदवीही हाती आलेली असेल.

भाषेचा तक्ता तर वाचायलाच शिकावा लागतो. २०११ मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावं सांगितली. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा केल्या, आणि त्या १२१ भाषांखाली बसवल्या. दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असले की मातृभाषा ‘इतर’मध्ये जाते. या बसवण्यात वडारी तेलुगूखाली जाते, कैकाडी तमिळखाली, आणि बंजारी-लमाणी हिंदीखाली. म्हणजे पुणे जिल्ह्यातले ‘तेलुगू भाषक’ असा आकडा उचललात, तर त्यात भवानी पेठेतलं पद्मशाली घर आणि वडारवाडीतलं घर एकत्र आलेलं असू शकतं. दोघांना एकमेकांची बोली कितपत कळते, ते त्यांनाच विचारा.

शहराची हद्दही बदललीय. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. २०११ चा शहराचा आकडा घेऊन आजच्या नकाशावर ठेवणं चूक आहे.

सावध, आणि हे ठळक अक्षरात वाचा: १८८५ च्या पुणे गॅझेटियरमधली समाजांची वर्णनं पहिल्या प्रकरणात ‘समाजाची ओळख’ म्हणून उतरवू नका. ‘हे लोक आळशी’, ‘हे लोक चोरटे’ अशी वाक्यं तिथे सरकारी थंडपणाने लिहिलेली आहेत. इंटरनेटवर, आणि दुर्दैवाने काही मराठी पुस्तकांतही, ती कोणाचं नाव न घेता फिरत असतात. ती वापरायची तर पुरावा म्हणून वापरा: वसाहतीच्या काळातला अधिकारी या समाजाकडे कसा बघत होता याचा पुरावा. समाज कसा होता याचा नव्हे.

## ६. परवानगी आणि संमती

मार्गदर्शकांचं पत्र, विभागाचा शिक्का, नैतिकता समितीची मान्यता लागत असेल तर ती. हे कागद वस्तीत दाखवायचे नसतात, पण कोणी विचारलं तर पिशवीत हवेत. पोलीस ठाण्याच्या हद्दीत नवीन मुलं वही घेऊन फिरताना दिसली की चौकशी होते, विशेषतः निवडणुकीच्या आसपास.

संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेण्याचा आग्रह धरू नका. १८७१ पासून एकामागोमाग आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली कित्येक समाजांची नोंदणी झाली, अंगठ्याचे ठसे घेतले गेले, पोलिसांकडे हजेरी लावावी लागली. त्यातला शेवटचा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. ‘विमुक्त’ हे नाव तिथूनच आलं. त्या घरात आजोबांपासून ऐकत आलेत की कागदावर अंगठा दिला की आपण अडकलो. तिथे तुम्ही शाईचा पॅड काढता! तोंडी संमती घ्या, साध्या मराठीत, रेकॉर्डरवर:

“आजी, मी विद्यापीठात शिकतो. तुमच्या लहानपणाबद्दल, कामाबद्दल विचारणार आहे. तुमचं नाव कुठे छापणार नाही. नको वाटेल तिथे ‘पुढचं विचार’ म्हणा. यातून मला परीक्षेत मार्क मिळतील, तुम्हाला योजना-बिजना काही मिळणार नाही. बोलायचं का?”

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. वहीवाला पोरगा दिसला की घरकुल, रेशन कार्ड, जातीचा दाखला यांची आशा लागते. गप्प बसून ती आशा वापरणं ही फसवणूकच.

जातीच्या दाखल्याचे, आधार कार्डाचे फोटो काढू नका, कोणी स्वतःहून पुढे केले तरी. आणि टोपणनावाने सगळं झाकतं असं समजू नका. मोठ्या समाजात ‘एक शिक्षिका, वय ४५’ चालतं. पुण्यातल्या बेने इस्रायलांसारख्या लहान समाजात ‘रास्ता पेठेच्या सिनेगॉगजवळ राहणारी निवृत्त शिक्षिका’ एवढं लिहिलंत की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं कोण ते. तिथे वय, पेठ, पेशा यातलं काहीतरी बदला, आणि बदल केल्याचं प्रस्तावनेत सांगा.

## ७. वस्तीत

कधी जायचं. माझ्या स्वतःच्या पहिल्या फील्डवर्कला मी मुळशीतल्या एका कातकरी वस्तीवर जानेवारीत गेले होते. वेळापत्रक माझ्या मार्गदर्शकांनी बघून सही केलेलं. एसटीने उतरून पुढे तासभर पायी. वस्ती होती, माणसं नव्हती. दोन म्हाताऱ्या, एक लंगडं कुत्रं, आणि बाकी दारांना बाहेरून काटेरी फांद्या लावलेल्या. सगळे वीटभट्ट्यांवर. दिवाळीनंतर जातात, पावसाच्या तोंडावर परततात, हे तिथल्या कुठल्याही दुकानदाराने मला फुकट सांगितलं असतं. म्हाताऱ्यांपैकी एकीने पाणी दिलं आणि विचारलं, “लशीचं हाय का?”

तेव्हा आधी कामाचं वर्ष मांडा, मग तुमचं सत्र त्यात बसवा. ऊसतोडीला जाणारी घरं दसरा-दिवाळीनंतर नसतात. शहरात धुणी-भांडी करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात, आणि तो त्यांचा पाठ टेकायचा वेळ असतो. बांधकामावरच्यांना सुट्टी कोणत्या वारी ते साइटवर विचारा, रविवार धरून चालू नका.

कोणामार्फत जायचं. ओळखीने जा, पण एकाच ओळखीत अडकू नका. पहिली ओळख बहुधा कार्यकर्त्याची किंवा नगरसेवकाच्या माणसाची असते. तो तुम्हाला ज्या पाच घरांत नेईल ती त्याच्या जवळची असतात. त्याचा मान ठेवा, चहा घ्या, आणि पुढच्या खेपेला अंगणवाडी ताईंमार्फत किंवा किराणा दुकानातून नवीन घरं शोधा.

पहिल्या तीन खेपा प्रश्नावलीविना. पहिल्या खेपेला फक्त वस्तीचा नकाशा काढा: नळ कुठे, देऊळ कुठे, कोणाचं दार कोणाच्या दाराकडे, पोरं कुठे खेळतात. दुसऱ्या खेपेला एका घराची वंशावळ. सुना कुठून आल्या, मुली कुठे दिल्या, एवढं विचारलं तरी समाजाची सीमा कागदावर उमटायला लागते; ज्या गावांना मुली देतात आणि ज्यांना ‘तिकडे देत नाही’ म्हणतात, ती सीमाच. तिसऱ्या खेपेला नुसतं बसा.

हाक मारताना मावशी, काका, आजी, दादा, वहिनी. वयाने लहान असली तरी घरातल्या सुनेला अहो-जाहो करा. शहरातून आलेली मुलं वस्तीत शिरताच सगळ्यांना अरे-तुरे का करू लागतात, मला आजवर उमगलेलं नाही.

विचारायचं कसं. वडारवाडीत एका घरी मी एका विद्यार्थिनीबरोबर बसले होते. तिने यादीतला प्रश्न वाचला, “तुमची मातृभाषा कोणती?” आजी म्हणाल्या, “मराठीच की.” तिने वहीत ‘मराठी’ लिहिलं. तेवढ्यात नात चुलीवरचं दूध उतू घालवायला निघाली, आणि आजी तिच्यावर ओरडल्या. एक शब्द मराठी नव्हता. नातही मराठीत उत्तरली नाही. विद्यार्थिनीने माझ्याकडे बघितलं, मी वहीकडे.

‘मातृभाषा’ हा शब्द शाळेच्या दाखल्यावरचा आहे, त्याला दाखल्यावरचंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: आईशी कशात बोलायचात? रागावता कशात? बाजारात भाव करताना? सुनेला ती बोली येते का, नसेल तर तिच्यादेखत काय बोलता? हीच युक्ती ओळखीच्या सगळ्याच प्रश्नांना लागू पडते. ‘तुमची जात कोणती’ असं कधीही सुरुवातीला विचारू नका. लग्न, देव, काम, गाव यातून ती येतेच, आणि ज्या प्रसंगात येते तो प्रसंगही तुमच्या हाती लागतो.

उत्पन्न सर्वांत शेवटी. किंवा विचारूच नका.

आपलाच समाज घेतलेल्यांसाठी. घरची दारं उघडी असतात, हा फायदा. तोटा असा की तुम्ही ‘ते तर माहितीच आहे’ म्हणून निम्मे प्रश्न गिळता, आणि समोरची आत्याही ‘तुला काय सांगायचं’ म्हणून निम्मी उत्तरं गिळते. उपाय: पहिल्या दोन मुलाखतींना दुसऱ्या समाजातल्या वर्गमित्राला बरोबर न्या आणि त्याला प्रश्न विचारू द्या. आत्या त्याला सगळं अथपासून सांगते. तुमच्याच घरात तुम्हाला ठाऊक नसलेलं निदान एक तरी काही तरी निघतं.

तपासा, दहा मुलाखतींनंतर थांबून: बायका किती, पुरुष किती? तिशीच्या आतले किती? भाड्याने राहणारे किती? कार्यकर्त्याच्या ओळखीबाहेरचे किती? एका रकान्यात शून्य असेल तर अकरावी मुलाखत तिथलीच.

## ८. लिहिणं

त्याच रात्री लिहा. बसमध्ये मुद्दे, खोलीवर आल्यावर सविस्तर. दोन दिवस गेले की तुम्हाला लोकांचे शब्द आठवत नाहीत, तुमचे आठवतात.

एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास जातात, गोंगाट असेल तर जास्त. वीस मुलाखती म्हणजे शंभर-सव्वाशे तास. हा आकडा वेळापत्रकात नसतो, म्हणून फेब्रुवारीत रडारड होते. मोबाइलवरची आपोआप उतरवणारी अॅप प्रमाण मराठी कशीबशी ओळखतात. वस्तीवरच्या बोलीला ती परस्पर प्रमाण करून टाकतात, आणि तुम्हाला हवा असलेला फरक नेमका तिथेच पुसला जातो.

प्रबंध इंग्रजीत लिहायचा असला तरी मुलाखत आधी मराठीत उतरवा, खुणा मराठीतच करा, भाषांतर शेवटी. ‘आमच्यात’, ‘भावकी’, ‘पाव्हणे’, ‘बाहेरचे’ हे शब्द लगेच इंग्रजीत नेलेत तर चारही एकाच डबीत पडतात.

प्रकरणं शास्त्राप्रमाणे पाडू नका: एक समाजशास्त्राचं, एक भाषेचं, एक इतिहासाचं. असं केलं की दोन शास्त्रं एकमेकांना भेटतच नाहीत. प्रकरणं प्रश्नाच्या तुकड्यांप्रमाणे पाडा आणि प्रत्येकात दोन्ही येऊ द्या. ‘लग्न ठरवताना’ या प्रकरणात सोयरिकीचा तक्ता आणि सासर-माहेरच्या बोलीची नोंद शेजारी शेजारी बसतात.

सावध: ‘या समाजातील लोक...’ अशी सुरुवात असलेलं प्रत्येक वाक्य शोधा. किती लोक? कोणी सांगितलं? कधी? उत्तर देता आलं तर ठेवा, नाही तर ‘मी भेटलेल्या चौदा घरांपैकी नऊ घरांत’ असं करा. बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षेत नेमकं तेच वाक्य बोटाखाली धरतात. दुसरा ठरलेला प्रश्न: “हे सगळं एकाच शास्त्रात करता आलं नसतं का?” त्याचं उत्तर चौथ्या पायरीवरच्या तपासणीत तुम्ही केव्हाच लिहून ठेवलेलं आहे.

## ९. परत जाणं

सबमिशननंतर, निकालाची वाट न बघता, एकदा वस्तीवर जा. दोन पानी मराठी गोषवारा बरोबर न्या आणि मोठ्याने वाचा. बांधलेली प्रत देऊन येऊ नका, ती कपाटावर जाते. वही उघडी ठेवा. लोक चुका काढतात. त्या दूध उतू गेलेल्या घरी आम्ही गेलो, तेव्हा विद्यार्थिनीने ‘घरात वडारी बोलली जाते’ असं वाचलं. आजींनी ऐकलं, आणि नातीकडे बोट करून म्हणाल्या, “मी बोलती. ही नुसती ऐकती. तसं लिव्ह.”

तिने तिथेच खोडून तसं लिहिलं.